मानसोपचारांचा गुण : तो मोजावा कसा?

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा मध्य प्रदेशाचा सीमावर्ती जिल्हा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो नागपूर, भंडारा या जिल्ह्यांसह एकाच प्रांतात होता. आजही वारासिवनी, कटंगी, लांजी या भागांतील अनेक कुटुंबांचे सोयरसंबंध गोंदिया-भंडाऱ्याकडे आहेत आणि घरांतून हिंदीबरोबरच मराठी, पोवारी व गोंडी बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १७ लाखांहून अधिक होती. एवढ्या मोठ्या, डोंगराळ व वनव्याप्त जिल्ह्यात आरोग्यसेवेचा पहिला विचार हिवताप, बाळंतपण आणि कुपोषण यांचा व्हावा, हे स्वाभाविकच होते. परंतु आरोग्य केंद्रात येणाऱ्या रुग्णांमध्ये आणखी एक वर्ग नेहमीच असतो. ‘कशात जीव लागत नाही’, ‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘हातापायांतले बळ गेल्यासारखे वाटते’ अशा त्यांच्या तक्रारी असतात. त्यांची रक्ततपासणी ठीक असते, छातीचे चित्र स्वच्छ असते, आणि बहुधा शक्तिवर्धक गोळ्या घेऊन ते परत जातात.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात ज्या बारा राज्यांचा समावेश होता, त्यांत मध्य प्रदेशही होता. तीव्र नैराश्याने ग्रस्त असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे या सर्वेक्षणात आढळून आले. ही दरी केवळ मनोविकारतज्ज्ञांच्या बळावर भरून निघणारी नाही, याची जाणीव ठेवून २०११ मध्ये ‘प्राइम’ हा प्रकल्प भारत, नेपाळ, इथिओपिया, युगांडा व दक्षिण आफ्रिका या पाच देशांत सुरू झाला. भारतातील त्याचे क्षेत्र होते मध्य प्रदेशातील सिहोर जिल्हा. प्राथमिक आरोग्यसेवेतच मनाच्या आजारांची दखल घेतली जावी, हा त्याचा हेतू. तेथील अनुभवातून ‘मन कक्ष’ ही कल्पना पुढे आली आणि पुढे राज्यातील जिल्हा रुग्णालयांतून असे कक्ष स्थापन करण्यात आले. तेथे औषधाबरोबरच, आणि सौम्य वा मध्यम त्रासात औषधाशिवायही, समुपदेशनाचा म्हणजे बोलून करावयाच्या उपचाराचा आधार दिला जाणे अपेक्षित आहे.

येथेच एक प्रश्न उभा राहतो. गोळीचे वजन करता येते, मात्रा ठरवता येते, रक्तातील प्रमाण तपासता येते. बोलण्याचे मोजमाप कशाने करावे? समुपदेशकाशी पाच-सहा वेळा बोलून रुग्णाला बरे वाटले, तर ते त्या बोलण्याने वाटले, हे कशावरून?

हातगुण आणि पुराचे पाणी

आपल्याकडे ‘अमुक वैद्याच्या हाताला गुण आहे’ असे म्हणण्याची रीत आहे. तीत अनुभवाचा अंश असतो, तसा भ्रमाचाही असतो. मनाच्या आजारात भ्रमाला वाव अधिक, कारण या आजारांतील पुष्कळसा भाग काळाबरोबर आपोआप उतरणारा असतो. शिवाय माणूस उपचारासाठी येतो तो बहुधा त्रास शिगेला पोहोचल्यावर. वैनगंगेला पूर आला असता घाटावरील पातळी मोजली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजली, तर पाणी उतरलेलेच दिसणार. मधल्या काळात कोणी नदीला नारळ वाहिला असेल, तर त्या नारळानेच पाणी उतरले असे मानण्याचा मोह होतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा हा प्रकार होय.

ही शंका प्रथम ठासून मांडली ती लंडन येथील मानसशास्त्रज्ञ हान्स आयसेंक यांनी, १९५२ मध्ये. मनोविकृतीच्या सौम्य प्रकारांतील सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांच्या आत तसेही सुधारतात. मग मानसोपचारांनी नेमके काय साधले, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्या सवालामुळे एक इष्ट गोष्ट घडली. उपचार न मिळालेल्यांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय उपचार मिळालेल्यांविषयी काही बोलता येत नाही, हे तत्त्व या क्षेत्रात रुजले. मेरी स्मिथ व जीन ग्लास या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ मध्ये तोवर झालेल्या ३७५ तुलनात्मक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा उपचार घेतलेला सरासरी रुग्ण उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असल्याचे दिसले. आयसेंक यांच्या शंकेला असे उत्तर मिळण्यास पंचवीस वर्षे लागली.

मापे कोणती?

तुलना करावयाची तर माप हवे. नैराश्यासाठी आज सर्वाधिक प्रचारात असलेले माप म्हणजे ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, उदास वाटले, झोप बिघडली, थकवा आला, भूक बिघडली, असे त्रास किती दिवस झाले हे रुग्णाला विचारतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण; एकूण गुण ० ते २७. दहा वा अधिक गुण म्हणजे दखल घेण्याजोगे नैराश्य, वीस वा अधिक म्हणजे तीव्र. आरॉन बेक यांनी १९६१ मध्ये तयार केलेली २१ प्रश्नांची नैराश्यमापिका ही याहून जुनी व अधिक सविस्तर असून तिच्या सुधारित आवृत्तीत गुण ६३ पर्यंत जातात.

प्रश्नावली म्हणजे तापमापक नव्हे. तापमापकाला भाषा नसते. ‘उदास’ हा शब्द मराठी वा हिंदी पुस्तकांत वावरलेल्या माणसाला सहज कळतो. बैहरच्या जंगलपट्टीतील स्त्री तेच दुःख ‘डोके जड होते’, ‘छातीत धडधडते’ अशा शरीराच्या भाषेत सांगेल आणि उदासीविषयीच्या प्रश्नाला नकार देऊन मोकळी होईल. म्हणून प्रश्नावलीचे केवळ शब्दशः भाषांतर करून भागत नाही. ते स्थानिक बोलीत लावून, तज्ज्ञाच्या निदानाशी ताडून पाहावे लागते. जेथे चार बोली एका बाजारात मिसळतात त्या बालाघाटसारख्या जिल्ह्यात हे काम चैनीचे नसून प्राथमिक गरजेचे आहे.

दुसरी अडचण भिडेची. ज्या समुपदेशकाने घरी येऊन आपुलकीने तासतासभर ऐकून घेतले, त्याच्या तोंडावर ‘मला काही फरक पडला नाही’ असे सांगणे आपल्या समाजात फार थोड्यांना जमते. त्यामुळे उपचार करणाराने गुणांची नोंद करावी, हे मोजमापाच्या दृष्टीने सदोष ठरते. नोंद तिसऱ्याच व्यक्तीने करावी आणि समोरच्या रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे तिला ठाऊक नसावे, असा दंडक आता मान्य झाला आहे.

गोव्याचा धडा

हे सर्व दंडक पाळून मराठी-कोकणी मुलखात झालेले सर्वांत भरीव काम गोव्याचे होय. ‘संगथ’ या गोव्यातील संस्थेचे एक संस्थापक, मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांच्या अभ्यासांतून ते दोन दशके चालले. त्याची कथा सरळ यशाची नाही, म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चाचणीत गोव्यातील दोन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतील ४५० प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे तीन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला नैराश्यावरील औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी परंतु औषधी द्रव्य नसलेली गोळी आणि तिसऱ्याला समुपदेशन. दोन महिन्यांनी औषध घेणारे नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले. समुपदेशन मात्र त्या नुसत्या गोळीहून सरस ठरले नाही. तुलना-गट नसता, तर समुपदेशन घेतलेल्यांतही अनेक जण सुधारलेले दिसले असते आणि योजना यशस्वी झाली असे जाहीर झाले असते. हा निष्कर्ष दडवून न ठेवता छापला गेला, याचे श्रेय संबंधितांना दिले पाहिजे.

त्यानंतर पद्धतच बदलली. ‘मानस’ या नावाने झालेल्या पुढील चाचणीत १२ शासकीय आरोग्य केंद्रे व १२ खासगी दवाखाने असे गट करून २,७९६ रुग्णांची पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. येथे समुपदेशक हे तज्ज्ञ नसून प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते आणि रुग्णाच्या गरजेप्रमाणे उपचाराच्या पायऱ्या चढत्या ठेवल्या होत्या. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनी नव्या पद्धतीतील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गट जवळजवळ सारख्याच प्रमाणात सुधारले. तेथील डॉक्टर रुग्णाला ओळखीने, वेळ देऊन तपासत असतील, हे त्याचे एक संभाव्य कारण. एकच उपचार एका जागी उपयोगी व दुसऱ्या जागी अनावश्यक ठरू शकतो, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे.

मग नैराश्यासाठी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ हा अगदी आटोपशीर उपचार तयार करण्यात आला. त्यामागील कल्पना साधी आहे. नैराश्य आले की माणूस एकेक काम सोडत जातो. शेतावर जाणे थांबते, मग शेजारी बसणे, मग देवदर्शन. आणि कामे सुटली की मन आणखी खचते. हे चक्र उलटे फिरवण्यासाठी समुपदेशक रुग्णाबरोबर बसून छोटी छोटी कामे ठरवतो आणि पुढील आठवड्यात त्यांचा आढावा घेतो. आठवड्यातून एकदा सुमारे अर्धा-पाऊण तास, अशा सहा ते आठ बैठका, आरोग्य केंद्रात किंवा घरी. कोकणी, मराठी, हिंदी व इंग्रजी यांपैकी कोणत्याही भाषेत बोलू शकणाऱ्यांना सहभागी होता येत असे.

ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या काळात गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून पीएचक्यू-९ वर १४ हून अधिक गुण असलेल्या ४९५ प्रौढांची यादृच्छिक विभागणी झाली. एका गटाला समुपदेशन व नेहमीचे उपचार, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. तेही थोडे सुधारलेले, म्हणजे रुग्णाच्या चाचणीचा निष्कर्ष डॉक्टरांना कळवलेला. तीन महिन्यांनी ९५ टक्के सहभागींची पुन्हा तपासणी झाली. बेक मापिकेवर समुपदेशन-गटाची सरासरी १९.९९ तर दुसऱ्या गटाची २७.५२ भरली. पीएचक्यू-९ वरील गुण दहाच्या खाली आलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के विरुद्ध ३९ टक्के होते.

या दोन आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ६४ टक्के हा आकडा एकटा वाचला तर उपचाराने शंभरातील चौसष्ट बरे केले असे वाटते. पण त्यांतील एकोणचाळीस जण समुपदेशनाशिवायही सावरले असते. समुपदेशनाचे खरे देणे आहे वरचे पंचवीस. म्हणजे उपचार घेणाऱ्या दर चार जणांमागे एक. हा आकडा प्रसिद्धीपत्रकात कमी भपकेबाज दिसेल. परंतु आरोग्यसेवेत, तेही शालेय शिक्षण झालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या हातून सहा-आठ बैठकांत मिळणारा एवढा लाभ मोठाच म्हटला पाहिजे.

बारा महिन्यांनी पुन्हा मोजले तेव्हा हेच प्रमाण ६३ व ४८ टक्के असे भरले. समुपदेशन-गटाने मिळवलेले टिकवले होते. दुसरा गट मात्र ३९ वरून ४८ वर आला होता, म्हणजे पुराचे पाणी काही अंशी आपणहून उतरले. पंचवीसाचे अंतर पंधरावर आले. तथापि मधले नऊ महिने ज्या कुटुंबाने कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला पाहिला, त्यांच्या दृष्टीने लवकर बरे होण्याचे मोल वेगळे सांगायला नको. गुणांच्या पलीकडे जाऊन काम बुडालेले दिवस, दैनंदिन व्यवहारातील अक्षमता, आत्महत्येचे विचार व प्रयत्न आणि स्त्रियांना पतीकडून होणारी मारहाण यांचेही मोजमाप या अभ्यासात झाले होते आणि तीन महिन्यांच्या पाहणीत त्या सर्व बाबतींत समुपदेशन-गटाची स्थिती बरी आढळली.

अतिमद्यपानासाठीच्या समांतर चाचणीत ३७७ पुरुष होते. तेथे ३६ टक्के विरुद्ध २६ टक्के असा फरक मिळाला. पिणे पूर्ण सोडणारे वाढले, पण जे पीत राहिले त्यांचे प्रमाण घटले नाही.

विदर्भ आणि सिहोर

गोव्याहून परिस्थितीने बालाघाटला अधिक जवळचा आहे तो विदर्भ. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम राबवण्यात आला. गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघरी नैराश्याविषयी माहिती दिली, त्रस्त व्यक्तींना मानसिक प्रथमोपचार व समुपदेशन दिले आणि आवश्यक तेथे डॉक्टरांकडे धाडले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार अठरा महिन्यांत, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावांतील नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्के आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे ५.२ वरून २.५ टक्के झाले.

हे आकडे आशादायक आहेत यात संशय नाही. मात्र येथे तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती. आधीचे व नंतरचे सर्वेक्षण एवढेच साधन होते. त्या दीड वर्षात पाऊस बरा झाला असेल, कापसाला भाव मिळाला असेल, तर त्याचाही वाटा या आकड्यांत असू शकतो. मदत घेणाऱ्यांची सहापट वाढ एवढ्याने होत नाही, हे खरे. नैराश्यातील घटीबद्दल मात्र तेवढ्या ठामपणे बोलता येत नाही.

सिहोरचा अनुभव याहून वेगळा. आरोग्य केंद्रात पोहोचलेल्यांसाठी सोय झाली, पण जिल्ह्यातील एकूण नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे लोकसंख्येच्या सर्वेक्षणात दिसले नाही. कक्ष उघडणे आणि माणूस त्या कक्षापर्यंत येणे यांत अंतर असते. अमरावतीत कार्यकर्ते घरोघरी गेले होते, हा या दोहोंतील लक्षणीय फरक. पुढे सिहोर जिल्ह्यातच आशा कार्यकर्त्यांना गोव्याच्या उपचारपद्धतीचे शिक्षण मोबाईलवरून देता येईल का, याचीही चाचणी घेण्यात आली. येथे मोजमापाचा आणखी एक पदर समोर येतो: उपचार करणाराचे कसब. गोव्यात समुपदेशकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण सहकारी समुपदेशक एकत्र ऐकत व ठरावीक निकषांवर गुण देत. औषधाची शुद्धता प्रयोगशाळेत तपासतात, त्याचाच हा प्रकार.

नोंदवहीतील गळती

जिल्हा पातळीवर यादृच्छिक चाचण्या घेणे कोणालाही जमणारे नाही आणि तशी अपेक्षाही नाही. तरीही रोजच्या नोंदवहीतून बरेच कळू शकते, ती नीट ठेवली तर. समजा, एका वर्षात मन कक्षात १०० नवे रुग्ण आले, त्यांपैकी ४० जणच ठरल्याप्रमाणे परत आले आणि या ४० पैकी ३० जणांचे गुण दहाच्या खाली उतरले. अहवालात ‘७५ टक्के यश’ असे लिहिता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. परंतु आलेल्या शंभरांच्या हिशेबाने तो आकडा ३० होतो. उरलेले साठ जण बरे झाले म्हणून आले नाहीत, की बसभाडे परवडेना म्हणून, की धान कापणीला लागले म्हणून, की काहीच गुण न आल्याने निराश होऊन? लांजीहून वा बैहरहून जिल्ह्याच्या ठिकाणी येण्यात मजुराचा दिवस मोडतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या साठांचे महत्त्व पटेल. म्हणून प्रत्येक रुग्णाचे पहिल्या भेटीचे गुण, बैठकांची संख्या आणि तीन महिन्यांनंतरचे गुण या तीन नोंदी, परत न आलेल्यांच्या बाबतीत आशा कार्यकर्तीमार्फत का होईना, मिळवणे आवश्यक ठरते. तीन महिन्यांचे गुण समुपदेशकाऐवजी दुसऱ्या परिचारिकेने विचारले तर भिडेचा दोषही बराच कमी होतो.

आणखी एका बाबतीत मात्र सरासरी, टक्केवारी व तुलना यांची वाट पाहता येत नाही. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एकूण गुण कितीही कमी असोत, त्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आले तर त्याच बैठकीत अधिक विचारपूस करावी, घरातील कीटकनाशक दूर ठेवण्यास कुटुंबीयांना सांगावे व डॉक्टरांशी संपर्क साधून द्यावा. रात्री-अपरात्री घरच्यांना आधार हवा असल्यास १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक दिवसाचे चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.